उभ्या ज्वारीपुढची हाळी

पौष सरत आला की ज्वारीच्या कणसांवरून उन्हाचा कोवळा हात फिरतो, आणि त्याच घटकेला माझ्या कानात अक्काची हाळी उठते. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. औरादच्या आमच्या रानात उंच माळ्यावर ती उभी राहायची, पदर कमरेला खोचलेला, गोफण नुसती खांद्यावर. दगडाची तिला गरजच पडायची नाही. पोटातून निघालेला तो स्वर आधी मातीलगत सरपटायचा, मग धुक्यातून वर चढायचा, आभाळाच्या काठाशी जाऊन मोडायचा, आणि मोडला की पाखरांचा थवा झाडलेल्या चादरीसारखा रानावरून उठायचा. त्या हाळीत शब्द नव्हता. ती मराठी नव्हती, कानडी नव्हती, तेलुगूही नव्हती. म्हणूनच की काय, या मुलखातल्या सगळ्या पाखरांना ती कळायची.

आता त्याच हाळीवर मैदानं भरून पोरं नाचतात. आणि मला, खरं सांगते, त्यातलं काही उमगत नाही.

तिचा लेक नागेश गिटार वाजवतो. मित्रांना घेऊन त्यानं रॉक बँड काढला, नाव ठेवलं 'करडई'. काटेरी असते म्हणून असेल. त्याच्या मनात एक गाणं घर करून होतं. घरी एक भाषा, शाळेत दुसरी, पोटापाण्याला तिसरी, तर मी कुणाचा, असं विचारणारं. शब्द झाले, चाल झाली, पण मधोमध त्यानं जागा रिकामी ठेवलेली. म्हणायचा, "काकू, तिथं शब्द सरतेत. तिथं मायची हाळी पायजे. न्हाईतर गाणंच न्हाई."

त्यांचा ड्रम वाजवणारा बसू मन्नाएखेळ्ळी गावचा. त्याच्या वडिलांच्या धान्याच्या गोदामात त्यांनी माइक लावले, कारण पोत्यांच्या थप्प्या आवाज घुमू देत नाहीत, आतल्या आत गिळतात. अक्काला घेऊन मी गेले. तिनं दारातून पोती पाहिली आणि पाऊल मागं घेतलं.

"पोत्यातल्या दाण्यापुढं हाळी देत न्हाईत. पाखरासंगं दाणाबी उठून जातो."

"दाण्याला कान असतेत व्हय, माय?"

"तुज्यापरीस बरे हायत."

आमच्यात ही रीतच. पीक कापलं की हाळी मुकी होते. ज्या घरात धान्य आहे तिथं ती कुणी ओठावरही आणत नाही. मग नागेशनं स्वतःच ओरडून पाहिलं. अक्का पदराआड हसली. "आरं, पाखरू न्हाई, मीच भ्याले की!" सगळे हसले, नागेश हसला नाही. गिटार मांडीवर आडवी ठेवून तो तारांकडे नुसता बघत राहिला. आईच्या डोळ्यांत तेवढंच भरलं असणार.

दुसऱ्या दिवशी पोती बाहेरच्या ओसरीत गेली, त्यांच्या जागी पोत्यांत कोंबलेला कडबा आला, आणि आमच्या रानाच्या कडेला राहिलेली ज्वारी कापून, कणसांसकट, नागेशनं गोदामात चहूकडे उभी केली. झरोक्यातल्या उन्हाच्या पट्टीत ती कणसं अशी झळकत होती की बंद खोलीत एक पिवळी सकाळ कोंडल्यासारखी वाटावी.

"उभ्या ज्वारीपुढं चालतंय ना, माय?"

अक्का त्या ज्वारीच्या ताटांभोवती फिरली. कणसांवरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळली. "काय गं धाकटे, हे रान व्हय का न्हाई?"

मी काय सांगणार? उभं होतं म्हणून रान. मूळ नव्हतं म्हणून नाही. मी म्हणाले, "दिसतंय तर रानावाणीच."

आणि तिनं हाळी दिली. तीच, मातीतून आभाळापर्यंत गेलेली. शेवटाला कणसांचं कुसळ घशात गेलं आणि ती खोकली, बारीकसं. बसू म्हणाला, "अक्का, अजून एकदा, खोकल्याशिवाय." ती डोळे पुसत म्हणाली, "पाखरं उडाली. आता कुणाला हाकलू?"

खोकला हाळीच्या शेपटीलाच चिकटलेला. त्यांना तो कापता आला नाही. गाणं तसंच बाहेर पडलं.

पुढच्या पेरणीआधी अक्का गेली. गोदाम भरलेलं राहिलं, आमच्या कणगीतला दाणाही हलला नाही; उठून गेली ती एकटी तीच. तेव्हापासून मनात येतं, बिनमुळाच्या ज्वारीपुढं दिलेली ती हाळी रीतीत बसली की नाही? वय झालं होतं, हे मला कळतं. पण कळलेलं रात्रंदिवस टिकत नाही, त्याला मी काय करू?

बिदरच्या मैदानात ते गाणं मी ऐकलं. मधली जागा आली, अक्काचा आवाज उठला, सगळी पोरं तिच्याबरोबर ओरडली आणि मग, गाण्यातलाच भाग समजून, सगळी एका तालात खोकली. मला हसू फुटलं आणि डोळे भरले. दोन्हींतलं खरं कुठलं, कळेना. मंचावर नागेशनं त्या खोकल्याला मान खाली घातली. जी हाळी 'जा' म्हणायची, तिच्याकडे माणसं धावत येत होती.

परवा अंगणात ज्वारी वाळत घातली होती. शेजारच्या पोरीच्या फोनवर ते गाणं लागलं आणि दाणे टिपणाऱ्या चिमण्या भर्रकन उठून कडुनिंबावर जाऊन बसल्या. त्यांच्या लेखी अक्का अजून माळ्यावर उभी आहे. मी त्यांना काही सांगितलं नाही. काळ आपल्यापुरता पुढं जातो, तो पाखरांना कळवायला थांबत नाही. आणि तेवढ्यापुरतं, त्या कडुनिंबाखाली बसून, मीही चिमण्यांचंच खरं धरते.