वरच्या तालीवरची पोपटी

चांगदेव डोंबिवलीतल्या कंपनीतून निवृत्त झाला, त्याच वर्षी चुलतभावानं गावाकडची जुनी द्राक्षबाग तोडायला काढली. नाशिककडच्या डोंगरउतारावर दगडी ताली रचून आजोबांनी पायऱ्यापायऱ्यांनी केलेली बाग. वेली पांगाऱ्याच्या खुंटांवर चढवलेल्या, द्राक्षं बियांची, भोकरी जातीची. बाजाराला बिनबियांचीच हवी होती, त्यामुळे चुलतभावाचंही चुकत नव्हतं. चांगदेव पोचला तेव्हा सगळ्या वेली आडव्या झालेल्या. वरच्या तालीवर एक तेवढी उभी होती. तिच्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून तो डोंबिवलीला परतला.

“आपली भोकरी वाचवली,” असं तो भेटेल त्याला सांगायचा.

गच्चीवर ड्रममध्ये लावलेली रोपं पहिल्याच पावसाळ्यात कुजायला लागली. चार उरली, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या तुळसाबाई वर आल्या. बिल्डिंग उभी होती ती जागा एकेकाळी त्यांचं भातशेत होती.

“दादा, हितं कशाला जीव काढताव? शीळफाट्याच्या मागं डोंगरावर आमची वरकस जमीन हाय. सासरा बांध घालून नाचनी करायचा. आता ओस परलीय. पानी ठरत नाय तिथं. तिकरं लावा.”

“तुमच्या मुलांना चालेल?”

“त्यांना ठाव तरी हाय का, कुठं हाय ती?”

मग दर रविवारी चांगदेव शीळफाट्यापर्यंत रिक्षानं जायचा आणि पुढे चढायचा. ढासळलेले बांध तुळसाबाईंनी स्वतः उभे राहून रचून घेतले. कुठला दगड कुठे बसायचा, हे त्यांच्या अजून लक्षात होतं. पावसाळाभर मोरचूद-चुना फवारूनही दोन वेली गेल्या. उरलेल्या दोन तिसऱ्या वर्षी फळल्या. पाच घड.

त्यातला एक घेऊन तो दिव्याला थोरल्या बहिणीकडे, रंगूबाईकडे गेला. “अक्का, ओळख.”

अक्कानं एक द्राक्ष तोंडात टाकलं. बिया तळहातावर काढून बराच वेळ बघत राहिली.

“ही भोकरी नव्हे रे, चांगू.”

“अगं, आपल्या वरच्या तालीवरची आहे.”

“तेच म्हणते. भोकरीची साल दाताखाली येते. ही आईची पोपटी. तिनं माहेराहून काडी आणलेली. बाजारात कधी धाडली नाही, आम्हा पोरींनाच द्यायची. तू तेव्हा रांगत होतास.”

“मग भोकरी?”

चांगदेवला पायाशी पडलेल्या त्या वेली आठवल्या. त्यांच्यावरून पाय टाकत तो वर चढला होता. त्यांच्याही काड्या घेता आल्या असत्या.

अक्कानं दुसरं द्राक्ष उचललं. “कुठं लावलीस? मला ने.”

दिवाळीआधी छाटणीला तो तिला घेऊन गेला. तुळसाबाईंचा हात धरून, चारदा बसत, ती चढली. बांधावर टेकल्या टेकल्या ओरडली, “अरे, इतकी आखूड कापतात होय? आई काडीला पाच डोळे ठेवायची!”

दोघी म्हाताऱ्या एकमेकींना आपापल्या सासूच्या गोष्टी सांगत बसल्या आणि चांगदेव अक्काच्या हुकमानं कापत राहिला. भोकरीसाठी त्यानं नंतर गावोगाव फोन केले. कुणाकडेच नव्हती. पोपटीच्या मात्र त्या दिवशी कापलेल्या काड्यांपैकी एकोणीस जगल्या. तुळसाबाईंनी त्यांच्यासाठी खालच्या दोन बांधांवरची जागा साफ करून दिली.