पंचवीस फूट तार

१९४७ साल होतं. क्वीन्सलँडच्या पार पश्चिमेला, जिथे शेजारी म्हणजे घोड्यावरून दिवसभराची वाट, तिथे मर्ल आणि क्लॅरी ट्रेगिअर हे नवराबायको गुरं राखून राहत होते. डॉक्टर, निरोप, शेजारपाजार, सगळं काही स्वयंपाकघरातल्या रेडिओवर. पायडल मारलं की वीज व्हायची, आणि मग बोलायचं. डॉक्टरांची वेळ संपली की बायकांच्या गप्पा सुरू होत. पुरुष त्याला काकाकुव्यांची सभा म्हणत.

त्या सभेत थेल्मा क्विर्क एकदा म्हणाली, "मर्लचा केक खाऊ नका गं, खोगिराला लावा. वर्षभर झिजायचा नाही." सगळ्या हसल्या, मर्लही हसली. पण त्या दिवशी ती पुढे काही बोलली नाही, हे सगळ्यांनी टिपलं.

त्याच महिन्यात रेडिओ केंद्राची चिठ्ठी आली. केंद्र आता दोन हजार किलोसायकलची कंपनं सोडून सहा हजारांवर जाणार होतं. सोबतचा, कंपनं ठरवणारा नवा स्फटिक रेडिओच्या खाचेत बसवायचा आणि बाहेर उंच टांगलेली एरियलची तार कापून नव्या लाटेच्या निम्मी करायची. तीन लाखांना किलोसायकलने भागलं की लाटेची लांबी मिळेल, असं लिहिलं होतं.

मर्ल लग्नाआधी शाळेत शिकवायची. पीठ मळता मळताच तिने तोंडी हिशेब केला.

"किती आलं, मास्तरीणबाई?" तार बांधलेल्या पवनचक्कीच्या शिडीवरून क्लॅरीने विचारलं.

"पन्नास. त्याचे निम्मे पंचवीस."

"एवढीशीच?"

"कंपनं वाढली की लाट आखूड होते. काप तू."

उत्तर मीटरमध्ये होतं. पण त्या मुलखात मीटर पाहिला होता कुणी? कुंपण फुटांत, विहीर फुटांत, माणूससुद्धा फुटांत. क्लॅरीने टेप लावली आणि पंचविसाव्या फुटावर तार कापली. उरलेली कोंबड्यांच्या खुराड्याला गुंडाळली. शनिवारची संध्याकाळ होती. रेडिओ लावला तर पलीकडचे आवाज खणखणीत. आखूड तारेवर ऐकू सगळं येतं, आपलं बोलणं तेवढं पोचत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. रविवारी केंद्र बंद असे.

सोमवारी उजाडताना क्लॅरीच्या उजव्या कुशीत कळ उठली. पोट फळीसारखं कडक झालं. मर्लने त्याची खाट ओसरीवर, दाराशी ओढली आणि पायडल मारत बोलत राहिली. डॉक्टर कुणाच्या तरी बाळाच्या खोकल्यावर औषध सांगत होते.

"आणखी कुणी आहे का?" शेवटी त्यांनी विचारलं.

"मी आहे. मर्ल ट्रेगिअर. क्लॅरीला फार दुखतंय, डॉक्टर."

"कुणी नाही? बरं, मग दुपारी."

मग रेडिओवर बायका आल्या. "आज मर्ल नाही वाटतं?" कुणीतरी विचारलं.

"फुगलीय. केकावरून," थेल्मा म्हणाली. "मर्ल, बये, बोल की. घेतला तुझा केक मागे."

क्लॅरीला खाटेवर हसू आलं, आणि हसताना तो कळवळला. "उत्तर दे ना गं तिला."

"देतेय," मर्ल म्हणाली.

तिने स्फटिक काढून पुसला, परत बसवला. बॅटरीच्या, बोलायच्या भोंग्याच्या तारा चाचपल्या. पायांत गोळे आले. दुपारी केंद्रावरचा ऑपरेटर म्हाताऱ्या डूलनशी बोलत होता. "तुमचा आवाज छान येतोय हो. तार किती ठेवलीत?"

"ब्याऐंशी फूट. तुझे ते मीटर मला कळत नाहीत, म्हणून पोरीकडून फूट करून घेतले."

मर्ल पायडलवरून उठली. खुराड्याची सत्तावन्न फूट तार मोजून सोडवताना तिचे हात सोलले, कोंबड्या अंगणभर झाल्या. शिडीवर चढून तिने तुकडा तुकड्याला पिळला, खाली आली आणि पुन्हा बोलली.

"मर्ल? अगं, होतीस कुठे सकाळपासून?" ऑपरेटर म्हणाला.

मर्लने क्लॅरीचं सांगितलं, आणि डॉक्टरांचं विमान निघालं. क्लॅरीचे ओठ सुकले होते. "काय झालं होतं गं?"

"जोड सुटला होता."

"मीच नीट आवळला नसेल."

"वाऱ्याने सुटला," मर्ल म्हणाली.

उन्हं कलताना विमान उतरलं. मर्लही सोबत गेली. गाव दिसायच्या आत क्लॅरी गेला. "सकाळी कळलं असतं तर," डॉक्टर म्हणाले.

मर्लने जगालाही जोडाचंच सांगितलं. खरं कळलं असतं तर गुत्त्यागुत्त्यांत बिअरबरोबर क्लॅरीचं हसं झालं असतं, आणि ते तिला सोसलं नसतं.

डॉक्टर युद्धातल्या जुन्या दुखण्याने काही वर्षांत वारले. ऑपरेटरने पुढे ब्रिस्बेनला रेडिओचं दुकान घातलं. मर्लने गुरं विकली, गावच्या शाळेत शिकवलं आणि एकटीच म्हातारी झाली. थेल्मा नवऱ्याबरोबर समुद्रकाठी राहायला गेली. दर नाताळला ती मर्लला फोन करी, आणि इकडचं तिकडचं झालं की विचारी, "त्या सकाळी तू रागावून गप्प बसली होतीस का गं?"

"नाही गं. जोड सुटला होता," मर्ल म्हणे.

थेल्माला ते मरेपर्यंत खरं वाटलं नाही.