बोटांची जुनी वाट

माझ्या मुलीला जुळी झाली त्या वर्षीची ही गोष्ट. दवाखान्यातून दोन्ही नातवंडं बघून मी घरी आलो, बातमी सांगायला तोंड उघडलं, तर बहीण म्हणाली, "थांब दादा. आधी मला ख सापडू दे."

ती जेवणाच्या टेबलाशी बसली होती. पुढ्यात बुटाच्या खोक्याचं झाकण. त्यावर तिने पट्टीने चौकोन आखले होते आणि प्रत्येक चौकोनात एकेक अक्षर लिहिलं होतं.

"हा काय सारीपाट मांडलायस?"

"नवा कीबोर्ड आहे. सापडला! क च्याच घरात राहतो, वरच्या मजल्यावर." तिने मान वर केली. "काय झालं? मुलगा की मुलगी?"

"दोन्ही. एकेक."

तेव्हा ती उठली, माझे दोन्ही हात धरून हलवले, डोळे पुसले आणि पाचव्या मिनिटाला परत पुठ्ठ्यापाशी जाऊन बसली.

माझी बहीण कोर्टात टंकलेखिका होती. एकोणतीस वर्षं. माझ्याहून बारा वर्षांनी धाकटी, म्हणून मी तिला चिमे म्हणत असे, ती बावन्न वर्षांची झाली तरी. तिचे यजमान लवकर गेले. पुढे माझी बायको गेल्यावर मी तिच्याकडे राहायला आलो. मी पाणीपुरवठ्यात पंपावर होतो, त्यातून निवृत्त झालेलो. अक्षरओळख मला चाळिसाव्या वर्षी झाली आणि ती तिनेच करून दिली, कोर्टातल्या वाया गेलेल्या कागदांवरून. त्यामुळे मी पहिलं सलग वाक्य वाचलं ते 'सबब दावा फेटाळण्यात येत आहे' हे होतं.

कोर्टात तिला सगळे 'मेलगाडी' म्हणत. टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, तरी तिचं काही अडलं नव्हतं, कारण कॉम्प्युटरवरही अक्षरं जुन्या मशीनच्याच जागी होती. आता वरून आदेश निघाला होता. जुनी मांडणी बंद, सगळ्यांनी नवी शिकायची. तीन महिन्यांनी परीक्षा, दहा मिनिटांची, मिनिटाला तीस शब्द. जो पास होईल तो टंकलेखनात राहील. नापास होईल तो जावक विभागात, पाकिटं चिकटवायला. नोकरी जाणार नव्हती. खुर्ची जाणार होती.

"तीसच ना?" मी म्हटलं. "तू तर पन्नासच्या वर जातेस."

"जुन्यावर. नव्यावर मी आज चार शब्द केले. तेही बघून बघून."

"मग बरंय. कासवाने शर्यत जिंकलीच होती."

"कासव लहानपणापासून कासवच होतं, दादा. त्याला सशाचं कासव व्हायला नव्हतं सांगितलं."

पुढचे तीन महिने रोज संध्याकाळी मी वाचायचो आणि ती पुठ्ठ्यावर बोटं मारायची. नंतर तिने कोर्टाच्या भंगारातून एक मोडका कीबोर्ड आणला, त्याच्या कळांवर नवी अक्षरं चिकटवली. त्याची वायर टेबलाखाली लोंबत असायची, कशालाच न जोडलेली. माझं वाचन मुळात संथ, त्यामुळे सुरुवातीला आमची जोडी छान जमली. मी अडखळलो की तिला श्वास मिळे आणि ती अडखळली की मला.

तिला सगळ्यात छळलं ते वेलांटीने. कितीतरी अक्षरं घर बदलून कुठल्या कुठे गेली होती, पण ऱ्हस्व वेलांटी जिथल्या तिथे होती. फक्त जुन्या पद्धतीत ती अक्षराच्या आधी मारायची आणि नव्यात नंतर.

"परक्या जागी गेलेलं माणूस शोधता येतं," ती म्हणे. "हे घरातच आहे आणि वागतंय परक्यासारखं."

दुसऱ्या महिन्यात तिच्या हातांचं काही खरं राहिलं नाही. दिवसा कोर्टात काम जुन्यावर, संध्याकाळी सराव नव्यावर. दोन्हीची सरमिसळ होऊ लागली. ज्या निकालपत्रात वर्षानुवर्षं खोडायला काही नसायचं त्यात चुका निघू लागल्या. जावकचा कारकून येता-जाता म्हणायचा, "काय मेलगाडी, रूळ बदलताना घसरली वाटतं? या आमच्याकडे, डिंक तयार ठेवलाय." ती घरी येऊन मला हे हसत सांगायची आणि मग पोळपाट आपटल्यासारखा खाली ठेवायची.

एकदा ती झोपाळ्यागत खुर्चीवर पुढे-मागे होत बसली होती. मी विचारलं, "काय होतंय?"

"बोटं माझी नाहीत असं वाटतं. जुनं विसरत चाललेय आणि नवं आलेलं नाही. मधेच कुठेतरी उभी आहे."

पंपाचं बेअरिंग बदलता येतं, पॅकिंग बदलता येतं. मी तिला चहा करून दिला. तो कडू झाला होता, तिने मुकाट्याने प्यायला.

कोर्टात नवी मांडणी शिकवायला येणारी मुलगी चांगली होती. तिने सांगितलं, "मॅडम, पाय दोन्ही होड्यांत ठेवू नका. जुन्याला हातच लावू नका." बहिणीने ऐकलं. शेवटचे पंधरा दिवस तिने कोर्टातलं कामही नव्यावरच केलं. मंद, पण नव्यावर. सहकाऱ्यांनी तिची तातडीची कामं वाटून घेतली. आणि मग हळूहळू जमू लागलं. अठरा शब्द, चोवीस, एकतीस. त्या एकतीसच्या दिवशी मी वाचताना मागे पडलो आणि ती माझ्यावर खेकसली, "अरे ओढ की पुढे! किती वेळ त्या एका शब्दावर ठिय्या देशील?" इतका आनंद मला कोणी ओरडल्याचा कधी झाला नव्हता.

परीक्षा शनिवारी होती. शुक्रवारी संध्याकाळी ती उशिरा आली, पर्स ठेवली आणि उभी राहिली.

"साहेबांनी बोलावलं होतं. मोठ्या खटल्याचा निकाल आजच द्यायचा होता. चाळीस पानं. म्हणाले, हे तुमच्याशिवाय कुणाचं काम नाही."

"नव्यावर केलीस?"

"नव्यावर चाळीस पानं? उद्या सकाळपर्यंत बसले असते."

"नाही म्हणायचंस."

"म्हणाले, तुमच्याशिवाय कुणाचं काम नाही," ती परत म्हणाली. मग दोन्ही हात पुढे धरून, "आणि दादा, काय चालले हात! पंधरा दिवस बांधून ठेवलेले. साहेब दारात येऊन उभे राहिले बघत."

त्या संध्याकाळी तिने सराव केला नाही. म्हणाली, बोटं दुखताहेत.

परीक्षा एका शाळेच्या इमारतीत होती, तळमजल्यावर. मी सोबत गेलो. आत जाताना तिने चष्मा पदराने पुसला आणि म्हणाली, "कागदावर नजर, बाकी काही नाही." हाडाची टंकलेखिका ती. मशीनच्या काळात शिकलेली. समोरच्या मजकुरावरून नजर काढायची नाही, हात काय करताहेत ते हातांना ठाऊक. कॉम्प्युटर आल्यावर पडद्याकडे बघत टाइप करणाऱ्यांना ती 'आरशात बघून जेवणारे' म्हणायची.

मी खिडकीखालच्या कट्ट्यावर बसलो. खिडक्यांना दुधी काचा होत्या, त्यातून दिसत काही नव्हतं, पण वरची झडप उघडी होती. घंटा झाली आणि आतून गारा पडाव्यात तसा आवाज सुरू झाला. वीस-पंचवीस जण असतील.

एकतीस वर्षं मी पंपाच्या खोलीत काढली. चार पंप एकदम चालू असताना कुठल्याचा सूर बदलला ते मला जेवताना कळायचं. त्या गारांतून बहिणीचे हात मी अर्ध्या मिनिटात वेगळे काढले. नव्यावर तिची चाल कशी होती ते माझ्याइतकं कुणाला माहीत? तीन महिने तीच ऐकत होतो. चार ठोके, थांबा, दोन ठोके, थांबा, मग एक घाईचा. आत्ता आतून येत होती ती चाल तशी नव्हती. ती सलग होती, घोटीव, कुठे गचका नसलेली. ती जुनी चाल होती.

मी उठलो आणि दाराशी गेलो. तिथे पहारेकरी स्टुलावर बसला होता.

"आत जायचंय."

"आजोबा, परीक्षा चालू आहे."

"मग तुम्ही जा. तिसऱ्या रांगेत असेल, चष्मा, निळी साडी. तिला फक्त सांगा, वर बघ."

"वर बघ म्हणजे?"

"पडद्याकडे बघ. ती चुकीच्या... तिचे हात जुन्यावर चाललेत."

तो माझ्याकडे बघत राहिला. "तुम्हाला बाहेरून कळलं?"

"ऐकू येतंय ना!"

"आजोबा, असं काही सांगितलं तर ती कॉपी होते. तुमच्याच माणसाचा पेपर रद्द करतील. बसा गुपचूप."

"मी नुसती हाक मारतो. नावाने."

"मारून बघा. मला वरिष्ठांना बोलवावं लागेल, आणि ते तिलाच उठवतील."

मी कट्ट्यावर परत आलो. ओरडावं का? तोंड दोनदा उघडलं. ओरडलो तर ती नक्की जाते. नाही ओरडलो तर, कोण जाणे, कदाचित माझाच कान चुकत असेल. कदाचित मधेच तिची नजर जाईल. मी हात मांड्यांखाली घालून बसलो. आत ती पळत होती. खोलीतल्या सगळ्यांच्या पुढे. सरतासरता तर बाकीचे आवाज विरळ झाले आणि तिचा एकटीचाच ऐकू येत राहिला. मग घंटा झाली.

ती बाहेर आली ती लाल होऊन. "दादा! अरे, हातांना पंख फुटले आज. शेवटचा परिच्छेद पुरा करून वर बघते तर घंटा, आणि पडदा काळा. आपोआप बंद होतो तो, बघायला काही मिळालं नाही. पण पन्नास तरी झाले असतील. बघ, जिद्द धरली की नवंही येतं!"

"येतं ना," मी म्हणालो.

निकाल आठ दिवसांनी होता. ते आठ दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. ती घरभर गात फिरायची. खिडक्यांचे पडदे धुतले. ज्या दोन बायका परीक्षेत रडल्या होत्या त्यांना घरी बोलावून धीर दिला, त्या मोडक्या कीबोर्डवर बोटं कशी ठेवायची ते दाखवलं. रोज जेवताना मी ठरवायचो की आज सांगतो. ती वाढायची आणि विचारायची, "भूक नाही का रे? बघ, आता तुझं वाचन संपलं म्हणून सुकलास."

नवव्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला आली. चप्पल जागेवर ठेवली, हातपाय धुतले. पर्समधून एक कागद काढून टेबलावर पसरला. शिकवणाऱ्या मुलीने तिला तिच्या उत्तराची प्रत काढून दिली होती. वर लिहिलं होतं: मिनिटाला त्रेपन्न शब्द, बरोबर शब्द: शून्य.

मी तो मजकूर वाचायचा प्रयत्न केला. अक्षरं माझ्या ओळखीची होती, पण त्यातून एकही शब्द होत नव्हता.

तिने खुर्ची ओढली, कागद समोर धरला आणि टेबलाच्या कोऱ्या लाकडावर बोटं ठेवली. एकेक अक्षर बघायची आणि ते उमटवणारं बोट हलवायची, ओठांत काहीतरी पुटपुटत. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. पाऊण तास तरी लागला असेल. मी समोर बसून होतो.

"एकही चूक नाही, दादा," ती म्हणाली. "जुन्याने पाहिलं तर स्वल्पविरामसुद्धा जागेवर आहे."

तिने कागदाची घडी घातली. मग विचारलं, "तू बाहेर बसला होतास ना? आतलं काही ऐकू येत होतं?"

"नाही," मी म्हणालो. "खिडक्या बंद होत्या."

पुढच्या सोमवारपासून ती जावक विभागात बसू लागली. माझी बहीण पुढे पाच वर्षांनी, निवृत्तीला चार महिने उरले असताना, फेब्रुवारीच्या अकरा तारखेला गुरुवारी सकाळी गेली.