दहा पॉइंट दोन

माझ्याशी कोणी फार गोड बोललं की माझ्या मनात पाल चुकचुकते. बावीस वर्षं केमिस्ट्री शिकवतेय आणि त्यातली चौदा वर्षं दुसऱ्यांच्या कॉलेजात प्रॅक्टिकलची परीक्षक म्हणून जातेय, त्यामुळे स्वभाव असा झालाय, असं मी सांगते. घरचे म्हणतात, तो आधीपासूनच तसा होता.

गदगच्या पुढच्या त्या कॉलेजात मी आदल्या दिवशी संध्याकाळी पोचले, तर तिथले केमिस्ट्रीचे अंगडी सर फाटकातच उभे. मी कांदा खाते की नाही, हे त्यांनी दोन दिवस आधी फोन करून विचारलं होतं. आत टेबलावर चुरमुऱ्यांचं गरम गिरमिट, मिरच्या आणि शेंगदाण्याची होळिगे, म्हणजे आपली गोड पोळी. परीक्षकाला असं जेवू घालायची आमच्याकडे पद्धतच आहे, आणि घास जितका गोड तितकी मी सावध होते.

"खा हो मेडम, लाजताय काय! आमची पोरं फार हुशार. टायट्रेशनमध्ये तर एकसुद्धा चुकत नाही."

"एकसुद्धा?"

"पाच वर्षांत नाही!"

माझा घास तोंडातच राहिला. ब्युरेटच्या नळीतून जांभळं द्रावण थेंब थेंब फ्लास्कमध्ये सोडायचं, एका थेंबानं खालचं पाणी फिकट गुलाबी झालं की तोटी बंद करायची आणि नळीवरचा आकडा वाचायचा. हात हलतो, डोळा चुकतो. माझाही एखादा थेंब जास्त पडतो. आणि इथे पाच वर्षांत एकसुद्धा नाही?

"एक पोरगी आहे तेवढी," अंगडी सर होळिगेवर तूप वाढत म्हणाले. "मालाश्री हडपद. गेल्या वर्षी प्रॅक्टिकलमध्ये अडकली. बाकी सगळे विषय सुटले. जिल्ह्याच्या दवाखान्यात लॅबच्या कोर्सला तिची जागा धरून ठेवलीय, पण हे प्रॅक्टिकल सुटलं तरच. जरा सांभाळून घ्या, अक्का."

मी मान हलवली आणि तिचं नाव लक्षात ठेवलं. ज्याची शिफारस होते त्याच्यावर आधी नजर ठेवायची, हा माझा नियम आहे.

सकाळी सगळ्यांच्या आधी मी लॅबमध्ये गेले. शिपाई दार उघडून चहा सांगायला गेला. कपाटात जुने पेपर होते, ते चाळले. दहा पॉइंट दोन. दहा पॉइंट दोन. पानामागून पान तेच. पहिल्या टेबलाचा खण ओढला तर आत लाकडावर कर्कटकानं कोरलेलं: १०.२. द्रावण दर वर्षी त्याच मापानं बनत होतं आणि उत्तर एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे वारशानं जात होतं. परीक्षा कसली, आरती होती ती. सगळ्यांना पाठ.

मला असा संताप आला की मी विचार करायला थांबलेच नाही. फ्लास्कमध्ये घ्यायच्या द्रावणाचा पाच लिटरचा कॅन कोपऱ्यात तयार होता. मी त्यात एक लिटर शुद्ध पाणी ओतलं, कॅन हलवला आणि झाकण लावलं. आता खरं उत्तर साडेआठ. हे कोणालाही ठाऊक नव्हतं, अंगडी सरांनासुद्धा.

दहाला सोळा मुलं आली. मी ठणकावून सांगितलं, "आकडे पेनानं लिहायचे. पेन्सिल चालणार नाही."

पाच मिनिटांत पंधरा पेन्सिली बाहेर. मी न बघितल्यासारखं केलं. मला मोठी शिकार हवी होती.

अर्ध्या तासात उत्तरं यायला लागली. दहा पॉइंट दोन. दहा पॉइंट दोन. एका पठ्ठ्याची ब्युरेट सहाच्या वर गेलीच नव्हती, पण कागदावर दहा पॉइंट दोन, तेही तीनदा. मी प्रत्येकाला "छान" म्हणत होते आणि मनातल्या मनात एकेक नाव खोडत होते.

सोळावी मालाश्री. तिचं काही संपेना. फ्लास्क धुवायची, पुन्हा भरायची, पुन्हा थेंब सोडायची. तीनदा झालं, चौथ्यांदाही झालं. मग ती नुसतीच उभी राहिली, आणि हळूच मान लांब करून तिनं शेजारच्या मुलाच्या कागदात बघितलं.

मी दोन ढांगांत तिच्याजवळ पोचले. "काय बघत होतीस?"

"काही नाही, मेडम. मी नुसतं..."

"नुसतं काय? नुसतं उतरवून घेत होतीस? आण तो कागद."

कागदावर पेनानं गिचमीड खोडलेलं आणि खाली ताज्या शाईत दहा पॉइंट दोन, दोनदा. मी तो सगळ्यांना दाखवला. "हे असं असतं बरं का. बाहेर बस तू."

ती रडली नाही. तोटी बंद केली, ब्युरेट रिकामी करून धुतली, उलटी टांगली आणि बाहेर गेली. मला वाटलं, काय निर्ढावलेली पोरगी आहे.

दुपारी स्टाफरूममध्ये मी तिच्या नावाचा गैरप्रकाराचा फॉर्म काढला. बाकीच्यांचेही आकडे खोटे होते, पण दुसऱ्याचं बघताना रंगेहाथ सापडली ती एकटीच. त्यावर दोन परीक्षकांच्या सह्या लागतात, आणि तो एकदा बोर्डात गेला की मुलाला तीन वर्षं परीक्षेला बसता येत नाही. माझी सही झाली होती. दुसरी सही अंगडी सरांची, पण ते पेनाचं टोपणच काढेनात.

"आधी जेवून घ्या मेडम. मग बघू."

"जेवणानं सह्या होत नाहीत, सर."

"तुम्ही खरं तर पोलिसात जायला हवं होतं हो."

पुरावा म्हणून तिचा कागद जोडायचा होता. टाचणी लावायला मी तो उलटा केला. पोरीनं पेन इतकं दाबून चालवलं होतं की आकडे मागच्या बाजूला उमटले होते. समोरून खोडलेले, मागून बोटाला लागत होते. मी कागद खिडकीशी धरला.

आठ पॉइंट सहा. आठ पॉइंट पाच. आठ पॉइंट पाच. आठ पॉइंट पाच.

मी शिपायाला तिला बोलवायला पाठवलं.

ती दारातच उभी राहिली. मी विचारलं, "हे का खोडलंस?"

"चुकलं होतं, मेडम."

"कोण म्हणालं चुकलं?"

"कोणी नाही. सगळ्यांचं दहा पॉइंट दोन येत होतं. सर पण वर्षभर तेवढंच सांगतात. गेल्या वर्षी माझा हात कापत होता, म्हणून वाटलं आताही तसंच झालं असेल. म्हणून चारदा केलं."

"आणि चारदा काय आलं?"

"तेच आलं."

"मग?"

"मग खोडलं," ती म्हणाली, आणि आता मात्र तिला रडू फुटलं. "सोळा जणांत मी एकटीच कशी बरोबर असेन, मेडम?"

मी तिला बाहेर थांबायला सांगितलं आणि दार लावलं. मग अंगडी सरांना सगळं सांगितलं. ते उठून उभे राहिले.

"पाणी? माझ्या कॅनमध्ये? मला न विचारता?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर पोरांना कळलं असतं."

"अहो, परीक्षा आहे की फासेपारध्याचं जाळं?" ते खोलीत दोन फेऱ्या मारून आले आणि खाली बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "मी पोरांना उत्तर आधी सांगतो. सगळी पास व्हावीत म्हणून सांगतो, पण चुकतंय माझं, कबूल. पण मेडम, या पोरीचं उत्तर तर तुम्हीसुद्धा काल संध्याकाळीच लिहून ठेवलं होतं."

तिनं फ्लास्क चारदा धुतला तेव्हा मी तिच्यापासून चार हातांवर उभी होते. एकदा वाकून तिच्या ब्युरेटवरचा आकडा वाचला असता तरी पुरलं असतं. मी तिची मान तेवढी बघत राहिले. लाज वाटली, आणि ती अजून जात नाही.

फॉर्मवर नंबर असतो, फाडता येत नाही. मी त्यावर आडवी रेघ मारली आणि रद्द करण्याचं कारण लिहिलं: द्रावणात मी स्वतः पाणी मिसळलं होतं, विद्यार्थिनीचा दोष नाही. खाली सही केली. अंगडी सरांनी टोपण काढलं आणि माझ्या सहीशेजारी त्यांची केली.

तीनला सोळाही जणांना परत बोलावलं. अंगडी सरांनीच सांगितलं, "आज कॅनमधलं द्रावण नेहमीचं नाही. दहा पॉइंट दोन विसरा. किती येतं ते मी सांगणार नाही. करा आणि बघा." पोरं हबकली. एकानं विचारलं, "सर, निदान आसपास तरी सांगा ना?" सरांनी मान हलवली आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

पाच वर्षांत पहिल्यांदा त्या लॅबमध्ये कोणाचं उत्तर कोणाशी जुळेना. सात पॉइंट आठ, नऊ पॉइंट एक, एकाचं तर बारा. मालाश्रीनं तीनदा केलं, तोटी बंद केली आणि डाव्या-उजव्या बाजूच्या कागदांकडे उघड उघड बघितलं. या वेळी मी ओरडले नाही.

"मेडम," ती म्हणाली, "आता तर कोणाचंच जुळत नाही. मी कोणाचं लिहू?"

"तुझं लिही."

तिनं पेन टेकवलं, थांबली, मग लिहिलं. आठ पॉइंट पाच. मी तिच्या शेजारीच उभी राहिले. स्वभाव जात नाही. ती आता खोडेल, मग खोडेल, असं मला शेवटपर्यंत वाटत होतं.

तिनं खोडलं नाही.