चिमीच्या झोपेची भिंत

माझ्याच कामातलं मला कुणी शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून टाकतो. तीस वर्षं मी लोकांच्या घरात लाकडाच्या नि जिप्समच्या भिंती उभ्या करतोय. माझी रेघ सरळ असते आणि माझी भिंत खांद्याने ढकला, हलायची नाही. त्यामुळे भाचीने फोनवर विचारलं, "मामा, आवाज अडवणारी भिंत करता येते का रे?" तेव्हा मी "त्यात काय एवढं!" म्हणून मोकळा झालो.

भाची म्हणजे आमची चिमी. नर्स आहे, ड्यूटी कायम रात्रीची. सकाळी आठला घरी येते नि झोपते, म्हणजे झोपायला बघते. कारण तिच्या खोलीला लागून थोरल्या दिरांची खोली, आणि ते चामड्याच्या बॅगा बनवतात. नऊच्या ठोक्याला बाकड्यावर चामडं पसरायचं, त्यावर भोक पाडायचा पंच धरायचा, वरून हातोडा. टक्, टक्, टक्. एका पट्ट्याला चाळीस भोकं. मधली भिंत विटेची खरी, पण इतकी पातळ की पलीकडे कात्री ठेवली तरी अलीकडे कळावं.

महिन्यापूर्वी चिमीने पेंगत पेंगत एका पेशंटचं इंजेक्शन दुसऱ्यालाच द्यायला घेतलं. मोठ्या सिस्टरने वरच्यावर हात धरला म्हणून निभावलं. "पुन्हा असं झालं तर घरीच बसा," असं तिला बजावलंय. म्हणजे आता एक तर चिमीने नोकरी सोडायची, नाही तर दिरांनी बाकडं उचलून, ज्या घरात जन्मले त्या घरातून बाहेर पडायचं. बरं, दोघंही गिळून गप्प बसणारी. कडाकडा भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

सामान घ्यायला गेलो तर दुकानदाराने मला शिकवणी लावली. "मामा, नवा सांगाडा जुन्या भिंतीला कुठ्ठे म्हणजे कुठ्ठे टेकू द्यायचा नाही. मधे बोटभर फट सोडा. फक्त जमिनीला नि छताला धरा, तिथेही खाली रबराची पट्टी घाला. सांगाड्यात ही दगडी लोकर, म्हणजे आवाज गिळणारी गादी, भरा, वरून दुहेरी बोर्ड मारा नि कडेच्या फटी बुजवा." मी "बरं बरं" म्हटलं. मनात म्हटलं, बाळा, तुझ्यापेक्षा माझं ड्रिल म्हातारं आहे.

पण खोटं कशाला बोलू, किडा डोक्यात शिरला होता. जो आवाज विटेला दाद देत नाही, तो नुसत्या फटीपुढे नि लोकरीपुढे हात टेकतो? घरी येऊन मी फोन लोकरीत गुंडाळला आणि बायकोला म्हटलं, लाव फोन. वाजला. मग तोच पुडा डब्यात ठेवून झाकण लावलं, पुन्हा लाव म्हटलं. बारीक झाला. मग डब्याखाली उशी सरकवली, तर जवळपास गपगार. बायको म्हणाली, "साठी जवळ आली, आता खेळा डबा-डबा." मी मात्र त्या उशीकडे बघतच राहिलो.

तीन दिवस काम चाललं. दीर स्वतः येऊन लोकर दाबू लागत. मितभाषी माणूस, पण हाताला वळण आहे. आपलं बाकडंही त्यांनी न सांगता भिंतीपासून हातभर ओढून घेतलं, पायांखाली रबर घातलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे आपापल्या कामाला गेल्यावर मी नेहमीसारखा भिंतीला खांदा लावला. केसभर हलली! माझी भिंत! ते मी माझ्या पद्धतीने नीट केलं, पुट्टी भरली, रंग मारला आणि घरी जाऊन जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमी ड्यूटीवरून आली. डोळे लाल, पण चेहऱ्यावर हसू. मी तिला खोलीच्या मधोमध उभं केलं आणि दिरांना ऐकू जाईल असं ओरडलो, "कारागीर, होऊन जाऊ द्या!"

टक्. टक्. टक्.

पहिल्यापेक्षा कमी, पण येतच होतं. चिमीचं हसू मावळलं. "असू दे मामा, बराच फरक आहे," ती म्हणाली, आणि ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तरातरा पलीकडे गेलो आणि तोंडाला येईल ते बोललो. "मुद्दाम जोरात ठोकताय होय? माझी भिंत हरवायची आहे तुम्हाला?"

दिरांनी हातोडा खाली ठेवला. "मामा, चिमीची झोप जावी असं मला वाटतं, असं म्हणायचंय तुम्हाला?" आवाज चढला नाही. "राहू द्या. बाजारात एक गाळा आहे रिकामा. आजच सामान हलवतो." आणि खरंच त्यांनी पोतं काढून त्यात पंच भरायला सुरुवात केली.

दारात चिमी उभी. "काय बोलून बसलास रे मामा! लग्न होऊन आले तेव्हा या घरात माझ्याशी पहिलं कोण बोललं असेल तर हे भाऊजी." तिच्या डोळ्यांत पाणी. नाचता येईना अंगण वाकडं, असं ती म्हणाली नाही, एवढीच तिची कृपा.

मी परत खोलीत आलो. रागापेक्षा आता तो किडाच जास्त वळवळत होता. येतोय कुठून आवाज? दाराची फट पाहिली, बंद. छताची कड पाहिली, बुजवलेली. विजेचा बोर्ड पाहिला, तो दुसऱ्याच भिंतीवर. मग चिमीला म्हटलं, "पलीकडे जा आणि स्वयंपाकघरातल्या डावाने भिंतीवर ठोकत राहा." मी लाकडी फूटपट्टीचं एक टोक कानाला लावलं, दुसरं भिंतीला, आणि हळूहळू सरकायला लागलो.

काही नाही. काही नाही. टक्! पेन्सिलने फुली मारली. पुढे पुन्हा शांत. मग टक्! फुली. अशा चार फुल्या झाल्या. चार पावलं मागे सरलो आणि पाहिलं. चारही कमरेच्या उंचीवर, सारख्या अंतरावर, एका रेघेत. इतकी सरळ रेघ या घरात माझ्याशिवाय मारणार कोण?

काखेत कळसा नि गावाला वळसा! भिंत केसभर हलली म्हणून त्या संध्याकाळी मीच चार लांब स्क्रू मारून ती जुन्या भिंतीला आवळली होती. माझ्या उस्तादाची शिकवण, भिंतीला धरलं नाही ते काम नव्हे. हात आपोआप गेला. ती हलायलाच हवी होती, आणि मी तिचे हात बांधून ठेवले. आवाजाने त्याच चार स्क्रूंच्या दांड्या धरून अलीकडे यायचं काम केलं.

पुट्टी खरवडली, चारही स्क्रू काढले, भोकं बुजवली. मग दिरांकडे गेलो. पोतं भरून झालं होतं, फक्त हातोडा बाहेर होता. "एकदा ठोका," म्हटलं, "जेवढं जोरात जमेल तेवढं." उत्तराची वाट न बघता धावत अलीकडे आलो आणि कान दिला. चिडीचूप! मी अक्षरशः उडी मारली. धावत परत गेलो, "जिंकलो! काही म्हणजे काही ऐकू आलं नाही!"

"कसं येईल? मी ठोकलंच नाही," दीर म्हणाले. हात मांडीवर, हातोडा जिथल्या तिथे. "माझ्या हाताबद्दल तुम्ही जे बोललात, त्याचं काय?"

चिमी बघत होती. माफी मागायची मला सवय नाही. पण म्हटलं, आता पचवलंस तर उद्या आरशात बघू नकोस. "चूक माझी होती," मी म्हणालो. "स्क्रू मी मारले, खापर तुमच्यावर फोडलं. तुमचा हात स्वच्छ आहे, कारागीर. माझंच तोंड घाण आहे."

दिरांनी पोतं सोडून पंच काढला, चामड्याचा पट्टा पसरला. "जा चिमी," ते म्हणाले, "ऐक नि सांग."

ती गेली. दिरांनी हातोडा उचलला आणि अशी काही सुरुवात केली की बाकडं हादरायला लागलं. दहा भोकं झाली, वीस झाली. चिमी येईना. पट्टा संपला. "येतोय वाटतं अजून," असं म्हणताना त्यांचा आवाज बारीक झाला. मी उठलो, "थांबू नका, ठोकत राहा" म्हटलं आणि पलीकडे जाऊन दार ढकललं.

चिमी गादीपर्यंतही पोचली नव्हती. ड्यूटीच्या कपड्यांतच, माझ्या उरलेल्या लोकरीच्या गठ्ठ्याला टेकून, कान भिंतीला लावलेला, तोंड उघडं. घोरत होती पोर.

मी दार ओढून घेतलं आणि पावलं न वाजवता परत आलो. दीर घामाघूम, हातोडा हवेत धरलेला. "काय म्हणाली? येतो का आवाज?"

"तिलाच विचारा," मी म्हणालो. "संध्याकाळी, उठल्यावर."