फोटोएवढा उजेड

मेहकरच्या एस.टी. स्टँडाजवळ मोतीरामचा फोटो स्टुडिओ होता, आणि लग्नाच्या पोरींचे फोटो छापायची त्याची एक रीत होती. अंधाऱ्या खोलीत कागदावर जो उजेड पाडायचा, तो जरा आधीच बंद करायचा. कागदाला उजेड कमी मिळाला की चेहरा गोरा निघतो. हे असं उलटं का, ते मोतीरामलाही कळलेलं नव्हतं. पण पोरी उजवल्या जात होत्या, म्हणून त्यानं कुणाला विचारलं नाही.

महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली असतील. सुलतानपूरचे किसनराव दुकानात आले. दुकानाची जागा त्यांचीच. त्यांनी लेकीचा, अन्नपूर्णाचा, फोटो टेबलावर आपटला.

"याची दुसरी प्रत वरवट बकालले धाडली होती. पसंत पडली. परवा पाहाले येऊन राह्यले."

"मंग पेढे कुठं हायेत, मालक?"

"कायचे पेढे बे? माही पोरगी अशी हाये काय?"

फोटोतली पोरगी दुधात भिजवून वाळत घातल्यासारखी दिसत होती. खरी अन्नपूर्णा रोज शेतात जाणारी, चांगली काळीसावळी.

"नवा छापून देतो. जशाले तसा."

"फोटो पोचला तिकडं. आता फोटो बदलत नसते. तू पोरगी जुळवून दे. जमलं तं ठीक, नाहीतं दुकान खाली कर."

माणसाशी फोटो जुळवायचा असतो, हे मोतीराम ऐकून होता. फोटोशी माणूस जुळवायचा, हे त्याला नवीन होतं. सुलतानपूरची गाडी येईपर्यंत तो त्याच विचारात होता आणि गाडी आल्यावरही तो विचार जागचा हलला नव्हता.

किसनरावांच्या बैठकीत त्यानं अन्नपूर्णाला पाटावर बसवलं, गालाजवळ फोटो धरला आणि दार थोडं उघडलं. पोरगी उजळली. पण फोटोही उजळला. दार लोटलं, तर दोघंही काळवंडले. पोरीवर उजेड परतावा म्हणून किसनरावांची सगळी पांढरी धोतरं समोरच्या भिंतीवर टांगून झाली, तरी फोटो आपला एक पाऊल पुढंच.

"भाऊ, मी लोनच्याची बरणी हाये काय, उन्हात ठेवाले?" अन्नपूर्णा म्हणाली. "फोटोच ठेवा ना सावलीत."

मोतीराम थबकला. त्यानं फोटो अंधाऱ्या कोनाड्यात ठेवला, दार वीतभर उघडलं, आणि एकदा इकडं, एकदा तिकडं पाहिलं. जुळलं! त्यानं दाराच्या जागी जमिनीवर गेरूनं रेघ ओढली.

"आता हालू नको," किसनराव लेकीला म्हणाले.

"परवापर्यंत?"

पाहुणे आले ते दुपार कलल्यावर. मुलगा कडूबा, त्याची आत्या सोजराबाई आणि दोन-चार मंडळी. सोजराबाईंनी पिशवीतून फोटो काढला, तसा किसनरावांनी तो अदबीनं घेतला, कोनाड्यात ठेवला आणि त्याला हळदकुंकू वाहिलं.

"जित्या पोरीले?" सोजराबाई म्हणाल्या.

"आमच्यात तसंच असते."

पण ऊन घरामागं गेलं होतं. रेघ जागेवर होती, उजेड नव्हता. मोतीरामनं दार सताड उघडलं.

"ते दार लावा बाप्पा, पोराचे डोये दुखतेत," सोजराबाई म्हणाल्या.

दार लागलं. अन्नपूर्णा दिसेनाशी झाली. किसनराव खोकले. दार उघडलं. सोजराबाई खोकल्या. दार लागलं.

"हा माणूस कोण हो?"

"दाराचा हाये," किसनराव म्हणाले.

दार उघडलं की कडूबा मान खाली घालतो, हे मोतीरामच्या ध्यानात आलं. तोंडभर देवीचे वण. पण वरवटहून आलेला कडूबाचा फोटो किसनरावांच्या खिशातून डोकावत होता, त्यातला चेहरा लोण्यासारखा होता. हा फोटो आपण कुठं पाहिलाय? किसनराव वाकले तेव्हा फोटोच्या पाठीवरचा शिक्का दिसला. शिक्का मोतीरामचाच. बालाजीच्या यात्रेत त्यानं झाडून सगळ्या पोरांच्या फोटोतले गालांवरचे खड्डे पेन्सिलीनं बुजवले होते.

आता दार उघडावं तर नवरा जुळेना, लावावं तर नवरी. दोन्हीकडून दुकान जात होतं. मोतीराम दार नुसता हलवत राहिला.

"वारा कायले घालून राह्यले हो?" कडूबानं विचारलं.

अन्नपूर्णाला हसू फुटलं. ती उठली, पाट उचलला आणि अंगणाच्या पार टोकाला उन्हाचा पट्टा उरला होता तिथं मांडून बसली. "ज्याले पाह्याचं त्यानं अथी या."

सोजराबाई "अरे, अरे" म्हणेपर्यंत कडूबाही आपला पाट घेऊन निघाला होता.

"देवी कधी आल्या होत्या?" अन्नपूर्णानं विचारलं.

"पाचवीत होतो. तुमचा फोटो पाहून मले वाटलं, पोरीले पांढरी कावीळ हाये. आत्या म्हणे, लग्नानं सुधरन."

"मंग?"

"आता बरं वाटलं."

"मलेही पसंत हाये," अन्नपूर्णा म्हणाली. तिला अजून कुणी विचारलं नव्हतं.

चहा झाला, सुपारी फुटली. मोतीराम दाराआड जीव मुठीत धरून उभा होता. किसनराव आले.

"दुकान राह्यलं तुह्यं. पण दोघायचा एक खरा फोटो काढ. उन्हात जसे हायेत तसे."

लग्नात मोतीरामनं काढला. कागदाला पोटभर उजेड दिला, पेन्सिल घरी ठेवली. अंगणात धरून पाहिला, तर वण न् वण, रंग न् रंग जुळला. किसनराव खूश झाले. त्यांनी तो आत नेऊन कोनाड्यावर टांगला.

"हे कोण दोघं कोयशाचे?"

"तुमचीच लेक अन् जावई, मालक."

किसनरावांनी फोटो अंगणात नेला. लेक-जावई. आत आणला. कोळसा. पुन्हा अंगणात नेला. शेवटी तो पहिला, दुधातला फोटो त्यांनी कोनाड्यावर धरून पाहिला. हुबेहूब अन्नपूर्णा.

"म्हंजे खरा कोणता बे?"

मोतीरामनं दार उघडलं. लोटलं.

दुकान राहिलं, पण एका बोलीवर. लग्नाचा फोटो बैठकीतच राहिला, आणि तो पाहायला कुणी सोयरे आले की सुलतानपूरहून निरोप येई. मग मोतीराम दुकानाला कुलूप घालून मिळेल त्या गाडीनं जाई, अदबीनं रामराम करी, आणि पाहुण्यांचा फोटो पाहून होईस्तोवर दार उघडं धरून उभा राही.