चुडामणभाऊंचे सुजलेले ओठ आणि मी

मित्रांनो, फोपनारच्या चुडामणभाऊंच्या ओसरीत खिळ्याला टांगलेला, एका कोपऱ्यात पारा उडालेला आरसा म्हणजे मी. बुऱ्हाणपूरच्या बाजारात माझी काच कापली, सागाची चौकट बसवली आणि मथुराबाईंच्या लग्नात आंदण म्हणून मी इथे आलो. किती तान्ह्यांनी मला लाळेचे पापे दिले! आता पोरं मोबाइलमध्येच भांग पाडतात. भाऊ तेवढे मिशीसाठी अजून माझ्याकडे येतात.

भाऊ केळीचे घड वाहतात. एकदा कंबर धरली, म्हणून दुखण्याची गोळी घेतली. तासाभरात ओठ फुगले, अंगावर लाल गांध्या उठल्या. त्यांनी आधी गमछ्याने मलाच पुसलं.

"आरशाला काय घासता? रुसलेल्या जावयावाणी तुमचंच तोंड झालंय!" मथुराबाई म्हणाल्या.

"काही नाही वं, केळीचा चीक लागला."

पुढच्या खेपेलाही तेच. कंबर, गोळी, गांध्या, आणि दोष चिकाला! मी सगळं पाहत होतो. पण आरशाला तोंड दाखवता येतं, उघडता येत नाही.

मग पुतण्याची वरात निघाली. भाऊ असे नाचले की कंबरेने हात टेकले. घरी येऊन त्यांनी गोळी घेतली. थोड्याच वेळात पापण्या सुजून मिटल्या, ओठ फुगून मिशी वर चढली आणि छातीत शिट्टी वाजू लागली.

"चीक..." ते कसेबसे बोलले.

"आज केळीला हात तरी लावला का? मांडे तर सगळ्या वऱ्हाडाने खाल्ले. तुम्ही एकट्याने काय खाल्लं?" मथुराबाईंची नजर गोळीच्या पाकिटावर गेली. ते मुठीत धरून त्यांनी शेजारच्या सुपडूला हाक मारली, "गाडी काढ रे, जल्दी!"

तिघं गाडीतून दवाखान्याकडे गेले. माझ्या काचेत नुसती ओसरी उरली. इतकं रिकामं मी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाऊ परतले. मिशी जागेवर होती. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं: ही अ‍ॅलर्जी आहे. ही गोळी कायमची बंद, आणि हिच्या जातीच्या दुसऱ्या गोळ्याही विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत.

आठवड्याने सुपडू म्हणाला, "कमर दुखते काय भाऊ? ये लो, मेरी वाली एकदम अलग है."

भाऊंचा हात पुढे झालाच. मथुराबाई कडाडल्या, "आधी डॉक्टरीणबाईला फोन! नाहीतर ह्या खेपेला वरात तुमची निघेल!"

मित्रांनो, गोळी घेतल्यावर खाज सुटली, गांध्या उठल्या, ओठ-पापण्या सुजल्या, तर मोठ्यांना लगेच सांगा, डॉक्टरांना पाकीट दाखवा. आणि श्वास अडला, तर माझ्यासमोर तोंड बघत उभे राहू नका. दवाखाना गाठा. मी इथे खिळ्यावरच आहे, वाट पाहीन.